बारमाही टायर

आम्ही खोतांच्या दुकानात पोचलो तेव्हा उल्का आधीच येऊन बसली होती. तीही कुठे, तर नव्या टायरांच्या चळतीवर, मांडी घालून, हातात चहाचा कप घेऊन.

"ए अभ्या! किती वेळ रे? मी कधीचा येऊन बसलोय!"

हे गाडीतून उतरले. दार लावलं. काही न बोलता पुढच्या चाकापाशी वाकून उभे राहिले.

उल्काने चळतीवरून उडी मारली, यांच्या पाठीमागून वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेली आणि तेच पुन्हा म्हणाली, "अभ्या, किती वेळ रे?"

"अगं, हिचं आवरत नव्हतं," हे लगेच हसून म्हणाले.

माझं आवरून तास झाला होता. यांना बूट सापडत नव्हते. पण ते असो.

"या वहिनी," ती मला म्हणाली.

मला वहिनी, आणि माझ्या नवऱ्याला अभ्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन मी 'अहो'च्या पुढे सरकले नव्हते. आणि ही बाई भर रस्त्यावर, टायरवाल्यासमोर, अभ्या.

*डावा पाच. सोपा.*

हे मध्येच काय आलं म्हणून दचकू नका. घाटातल्या रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला माणूस त्याला पुढचं वळण आधीच सांगतो. डावं की उजवं, आणि किती अवघड. आकडा मोठा तर वळण सोपं. आकडा लहान तर जपून. ड्रायव्हर समोर बघत असतो खरा, पण विश्वास ठेवतो त्या आवाजावर. वळण दिसायच्या आधी स्टिअरिंग फिरलेलं असतं.

ही उल्काची भाषा. मी तिच्याकडूनच उचलली. गोष्ट सांगताना मला ती कामाला येते, हे मात्र तिला कळवू नका.

तर रस्ता सोपा आहे तोवर माणसं सांगून घेते. हे म्हणजे माझे यजमान, अभिनंदन चौगुले. कोल्हापुरात उद्यमनगरात यांचा पत्र्याचे भाग ठोकायचा छोटा कारखाना. सोमवार ते शनिवार प्रेसच्या धडधडाटात, आणि रविवारी त्या रॅलीच्या गाडीत. गाडी लाल, बुटकी, दोन दारांची. कुणा हौशी माणसाने परदेशातून आणलेली, यांनी त्याच्याकडून जुनी घेतलेली. सीट दोनच. दोन सीटची गाडी म्हणजे काय, हे जिच्या नवऱ्याने अशी गाडी घेतली तिलाच कळेल. एका सीटवर तो बसतो. दुसरीवर फक्त एक माणूस मावतं.

ते माणूस उल्का इंगवले. कॉलेजात गणित शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, केस पोरासारखे कापलेले. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका बोलतात तशी 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची. मी फलटणहून सून म्हणून आलेली. मला ते कधी जमलं नाही. तिच्या तोंडून ते ऐकलं की वाटायचं, हिला कुणापुढेही अंग चोरायची गरज पडत नाही.

आणि मी त्रिशला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं औषधांचं दुकान होतं. कुणाच्या पोराचा कान फुटला, कुणाच्या सासऱ्याचं पित्त खवळलं, सगळ्यांत आधी मला कळायचं.

लग्नात सप्तपदी झाल्यावर पंडितांनी मला उठवून यांच्या डाव्या अंगाला बसवलं होतं. तेव्हापासून माझी जागा डावी. फोटोत डावी, पाटावर डावी, पलंगावर डावी. गाडीतही शेजारची सीट डावीकडेच असते. म्हणजे हक्काने ती माझी. दर रविवारी तिच्यावर उल्का बसायची.

*उजवा चार. जरा लांब.*

टायरांचं काय होतं ते सांगते. सगळं त्याच्यावरच आहे.

जुने टायर गुळगुळीत झाले होते. नवे घ्यायचे तर दोन वाटा होत्या. एक म्हणजे रेसचे. मऊ रबर, नख लावलं तर चिकटणारं, खाचा नावापुरत्या. कोरड्या घाटात असे टायर रस्ता सोडत नाहीत, पण पाऊस पडला की गाडी नुसती तरंगते. वर्षभरात झिजून फेकून द्यायचे. दुसरे म्हणजे बारमाही. कडक रबर, खोल नागमोडी खाचा, उन्हात पावसात सारखेच, दोन-तीन वर्षं मरण नाही. रेसच्या एका जोडीच्या किमतीत हे चारही येतात.

आणि यांच्या रॅली क्लबाचा नियम असा, की बारमाही टायरांवर मोठ्या रॅलीत गाडी घ्यायचे नाहीत.

म्हणजे बारमाही घातले तर रविवार माझे. रेसचे घातले तर आणखी एक वर्ष तिचे.

आदल्या दिवशी जेवताना समोर बसून मी सांगितलं होतं, "या खेपेला बारमाहीच घ्या."

"बघू. उल्काला बोलावलंय. तिला विचारून ठरवू."

माझ्या हातातला डाव तसाच आमटीत राहिला. आमच्या घरची गाडी, आणि तिच्या चाकांत काय घालायचं ते उल्काला विचारून.

सकाळी दुकानाकडे येताना गाडीत मी पुन्हा म्हणाले, "बारमाहीच घ्यायचे हं." उत्तर नाही. "अहो, मी काय म्हणतेय?" नजर रस्त्यावर. मी खिडकीबाहेर बघायला लागले. अलीकडे हे असंच चाललं होतं. रात्री पाठ करून झोपलेल्या माणसाला काही विचारावं तर साधा हुंकार नाही. स्वयंपाकघरात शेजारी उभं राहून बोलावं तर हे आपले पाणी पिऊन चालते. आणि रविवारी संध्याकाळी दारात गाडी थांबली की या दोघांचा हसण्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत.

कारण मला माहीत होतं. निदान, माहीत आहे असं वाटत होतं.

*उजवा तीन. आवळतो.*

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. गगनबावड्याच्या घाटात रेकी होती. रेकी म्हणजे रॅलीच्या आधी तोच रस्ता सावकाश फिरून वळणं टिपून घ्यायची. हेल्मेट नाही, घाई नाही. क्लबातल्या लोकांच्या बायकापोरांना वरच्या टपरीवर आणून बसवलं होतं. मी कठड्याशी उभी होते. खालच्या वळणावरून आमची लाल गाडी रांगत वर येताना दिसली. ऊन मागून होतं, समोरची काच अगदी स्वच्छ.

उल्काच्या डाव्या हातात पेन्सिल होती. उजवा हात यांच्या गुडघ्यावर.

नुसता ठेवलेला नाही. दोन बोटांनी तिने गुडघ्यावर दोनदा ठोकलं. जसं आपण आपल्या माणसाला करतो. न बघता, सवयीने. यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी उजवीकडे वळून कड्याआड गेली.

मी टपरीवरून खाली उतरले, रस्त्यात आडवी उभी राहिले, काच वाजवली आणि म्हणाले, बाई, तो हात काढ.

नाही. यातलं काही मी केलं नाही. पुन्हा सांगते. गाडी वर आली, दोघं उतरले, उल्का म्हणाली, "वहिनी, भजी संपवली की काय?" आणि मी तिच्यापुढे प्लेट धरली. कांदाभजी. तिने तीन घेतली.

त्या रात्रीपासून मी यांच्या गुडघ्याकडे बघायला लागले. जेवताना, टीव्ही बघताना. एका माणसाच्या गुडघ्याचा इतका राग येऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

*डावा तीन. मग लगेच उजवा.*

दुकानात परत या.

खोत बोलायला गोड माणूस. टायर विकत नव्हते, मुलगी दाखवत होते. "हे बघा चौगुलेसाहेब, हा रेसचा. हात लावून बघा, कसा लोण्यावाणी आहे. आणि हा बारमाही. तुमच्या गाडीची मागची चाकं रुंद, त्या साइजचा बारमाही अख्ख्या कोल्हापुरात कुणाकडं नाही. मी मुंबईहून मागवलाय. वहिनी, कसं असतं बघा, एक साडी असते लग्नापुरती, आणि एक असते सासू-सुनेत मिळून नेसायची. हा तसला टायर."

"सासूबाई नाहीत माझ्या," मी म्हणाले.

"तसं नव्हं हो. टिकाऊ, असं म्हणायचंय."

"आवाज करतो न्हवं हा?" उल्काने विचारलं.

"करतो जरा. घूं असा. खोटं कशाला बोलू?"

"आवाजाचं काय एवढं," हे म्हणाले. रेसच्या टायरवरून यांचा हात निघत नव्हता. "उल्के, तू सांग. काय घालू?"

आता ती रेसचे म्हणणार. मग मी तोंड उघडणार. घरून पाठ करून आले होते मी. संसार, पावसाळा, माहेरी जायला गाडी, सगळं.

उल्काने कप खाली ठेवला. "बारमाही घाल."

"काय?" हे म्हणाले.

"बारमाही. वहिनींना फिरव की जरा. किती दिवस घाटातच मरायचं?"

खोत खूश झाले. हे टायरकडे बघत राहिले. आणि मी? मला जे हवं होतं ते समोर तयार ठेवलं होतं, बिनभांडणाचं. मी फक्त हो म्हणायचं होतं.

*चढ. पलीकडचं दिसत नाही.*

"कशाला?" मी म्हणाले. "रेसचेच घाला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"अगं, पण तूच तर काल—" हे म्हणाले.

"काल म्हणाले. आज नाही म्हणत. तुमची हौस आहे, ती मोडून मला कुठे फिरायचं नाही. खोत, रेसचे काढा."

खरं काय ते सांगते. मला ते तिच्या हातून नको होतं. माझे रविवार हिने मला द्यायचे? उरलंसुरलं मोलकरणीच्या पदरात टाकावं तसे? वहिनींना फिरव म्हणे. ही कोण मला फिरवायला सांगणारी? आणि एवढ्या सहज सोडतेय म्हणजे काहीतरी दुसरं ठरलं असणार या दोघांचं, जिथे गाडीसुद्धा लागत नाही.

"वहिनी, ऐका माझं," उल्का म्हणाली.

"तुमचंच तर ऐकतात सगळे."

"रेसचे नका घालू."

"का? पोट भरलं का?"

खोतांनी खोकून घेतलं. "साहेब, तुम्ही मागचं चाक बघून घ्या एकदा. रिमला मार बसलाय का बघायला पाहिजे." भांडणातून नवऱ्याला बाहेर काढायची ही टायरवाल्यांची रीत असावी. हे सुटल्यासारखे गेले आणि मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. तिथे खोतांनी बारमाही टायर टेकवून ठेवला होता. त्याच्या खाचेत नख घालून हे खोली बघायला लागले.

हवा भरायचा कॉम्प्रेसर नुकताच बंद झाला होता. दुकानात चांगली शांतता होती. हे मुद्दाम सांगतेय.

*डावा दोन. ब्रेक.*

उल्का यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. मी डिकीच्या पलीकडे उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं. नजर न काढता, नेहमीच्या आवाजात ती म्हणाली,

"अभ्या, हिला सोड. माझ्याबरोबर चल."

खोतांचा कप ओठांपाशी थांबला.

"गोव्याला जाऊ. ही गाडी घेऊन. परत यायचंच नाही."

मी पुढे झाले. हातात काही असतं तर मारलं असतं.

"ऐकलंस का, अभ्या? लग्न करशील का माझ्याशी?"

हे खाचेत नख फिरवत होते. मान हलली नाही, पापणी हलली नाही.

"खोत," हे म्हणाले, "नक्षी खोल आहे हो याची. पाणी चांगलं फेकेल."

खोतांनी कप तसाच खाली ठेवला.

उल्काने यांच्या गुडघ्यावर दोन बोटांनी दोनदा ठोकलं. यांनी चटकन मान उजवीकडे वळवली. उजवीकडे भिंत होती. मग हसून डावीकडे तिच्याकडे वळले.

"काय गं?"

"काय न्हाई," उल्का म्हणाली. "नक्षी चांगली आहे म्हटलं."

मी डिकीला हात टेकला. लाल पत्रा उन्हाने तापला होता तरी काढला नाही. पलंगाची डावी बाजू. गाडीची डावी सीट. स्वयंपाकघरात ओट्याशी डावीकडे उभी मी. आणि कारखान्यात यांच्या टेबलाच्या डाव्या हाताला, इतकी वर्षं, धडधडणारी ती प्रेस.

*इथे रस्ता अरुंद आहे.*

दुकानाच्या मागे पंक्चर बघायचं पाण्याचं टाकं होतं. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे भोक. उल्का मला तिथे घेऊन गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला कळून वर्ष होत आलं. त्याच्या आधी किती दिवस, ते त्यालाच ठाऊक."

"आणि मला सांगितलं नाही?"

"त्यानं मला तरी कुठं सांगितलंय? त्याला वाटतं कुणालाच माहीत नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

उल्का माझ्याकडे बघत राहिली. "वहिनी, त्याच्या डाव्या कानात बोलायचं, एवढंच तर काम करतो मी. दुसरं काय करतो?"

मीही तेच करत होते. रोज.

"डावा पार गेलाय, आणि उजव्यालाही समोरनं नाहीतर त्या अंगानं बोललं तरच येतंय. हेल्मेट घातलं की दोन्हीकडं स्पीकर असतोय, उजव्यावर निभतं. पण गाडी घाटात सुसाट सुटली की एका कानाचं काम नाही ते. मागच्या वर्षीच्या रॅलीत मी घसा फाडून ओरडलो. हा सरळ निघाला होता. गुडघ्यावर ठोकलं तेव्हा वळला." तिने टाक्यातल्या पाण्यात हात बुडवला. "एक ठोका डावा, दोन उजवा. मी कधी सांगितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. आपोआप बसलं."

"मग बोलायचं ना स्पष्ट! डॉक्टर आहेत, उपाय आहेत."

"कुणी बोलायचं? मी? तू बहिरा झालास, उतर गाडीतनं, असं? तुम्ही ओळखता न्हवं त्याला. तो मुद्दाम दुप्पट वेगानं जाऊन दाखवेल. टायर बदलले की क्लबच रॅलीतनं नाव काढून टाकतोय. कारण टायर. कान न्हवं. त्याचा मान राहतो."

"आणि लोक विचारतील, टायर का बदलले म्हणून?"

ती हळू म्हणाली, "बायकोनं बदलायला लावले म्हणून सांगेल. चालेल न्हवं तुम्हाला?"

हे सगळं तिने बसून ठरवलेलं होतं. यांच्या मानाचं काय करायचं, माझ्या नावाचं काय करायचं. एखादं गणित सोडवावं तसं.

माझा राग गेला असं तुम्हाला वाटेल. नाही गेला. गुडघ्यावरचा हात प्रेमाचा असता तर मी भांडले असते, जिंकलेही असते कदाचित. पण या हाताशी काय भांडणार? माझ्या नवऱ्याचा एक कान गेला, आणि ते या बाईला माझ्याआधी वर्षभर माहीत होतं. तिने त्याच्यासाठी एक वेगळी भाषा तयार केली होती. मी त्याच जागेवर बसून, तेवढ्याच अंतरावरून, रुसत होते.

"तुम्ही काय करणार आता?" मी विचारलं.

"बघतो की नवीन ड्रायव्हर. दोन्ही कान असलेला." ती हसली, मग नाक ओढलं. "सहा दिवस तो तुमचाच असायचा, वहिनी. त्या सहा दिवसांत माझ्या मनात काय यायचं, ते मी तुम्हाला सांगत न्हाई."

तिने ओले हात पँटला पुसले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हीसुद्धा कुणाच्या तरी कठड्याशी उभी राहून खाली बघत होती.

*उजवा चार. सैल होतो.*

मी दुकानात परत आले. यांच्या पाठीमागून वळसा घालून उजव्या हाताला उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून.

"अहो, बारमाहीच घाला."

हे एकदम वळले. "आत्ता तर रेसचे म्हणत होतीस!"

"म्हणत होते. बदललं मन."

"बघा खोत, असा आमचा संसार." यांनी उल्काकडे पाहिलं. ती खांदे उडवून चहाचा कप शोधायला लागली. मला वाटलं आता हे अडून बसतील, माझी रॅली, माझा क्लब म्हणतील. पण यांनी रेसच्या टायरवर एकदा थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर."

फार लवकर म्हणाले. आणि चेहरा असा, की परीक्षा रद्द झाल्याचं कुणीतरी येऊन सांगावं.

चारही टायर चढले. उल्का तेवढा वेळ थांबली. शेवटच्या चाकाचे नट आवळून झाले तेव्हा तिने लाल पत्र्यावर दोन बोटांनी एकदाच ठोकलं आणि आपल्या स्कूटरकडे गेली. स्कूटर डावीकडे वळली.

*सरळ.*

पुढे बरीच वर्षं, कुठेही चार लोक जमले की हे सांगायचे, "माझं रेसिंग होतं हो जोरात. हिनं टायर बदलायला लावले आणि संपलं." लोक हसायचे. बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, चांगलं केलंत. मी हसायचे. पुढे कधीतरी हे स्वतःच म्हणाले, "त्रिशला, मला या कानानं कमी येतंय वाटतं." मी म्हटलं, "हो का? दाखवू या." आता मशीन लावतात.

पण त्या दुकानानंतरच्या पहिल्याच रविवारी मी गाडीपाशी गेले आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. मी चालवते."

"तू? ही गाडी?"

"टायर बारमाही आहेत. कुणालाही चालतात."

मी उजवीकडे बसले, हे डावीकडे. यांचा चांगला कान माझ्या बाजूला आला. टायर खरोखरच घूं आवाज करत होते. तरी मी जे जे म्हणाले ते यांनी ऐकलं. एकेका वाक्याला उत्तर दिलं. साखर संपलीय म्हटलं तर येताना घेऊ म्हणाले. एवढ्या साध्या वाक्याने मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. कळेपर्यंत गाडी गगनबावड्याचा घाट उतरून परतीच्या चढाला लागली. इतका चढ मी कधी चढवला नव्हता, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"घाबरू नको," हे म्हणाले. "मी सांगतो. समोर बघ फक्त."

आणि हे सांगायला लागले. डावा पाच, सोपा. डावा तीन, जरा आवळतो, सोड पाय. यांचा आवाज मी घरात कधी असा ऐकला नव्हता. पुढे ते वळण आलं. वर टपरी, टपरीचा कठडा. त्या दिवशी कठड्याशी कुणी नव्हतं.

माझ्या गुडघ्यावर यांची दोन बोटं टेकली. न बघता, सवयीने. दोन ठोके.

ते कुणाचे होते ते मला कळलं. आजही आम्ही त्या घाटाने जातो, टायर नंतरही बदलले, दर वेळी बारमाहीच. दर वेळी त्या वळणावर ते दोन ठोके पडतात आणि दर वेळी मला तिचा हात दिसतो.

मी उजवीकडे वळते.